मदत हवी आहे : भूलशास्त्राच्या निवासी डॉक्टरांना खाटेजवळचा इको (हृदयाची सोनोग्राफी) कसा शिकवावा?

नमस्कार. मी जिल्ह्याच्या ठिकाणी एका वैद्यकीय महाविद्यालयात भूलशास्त्र शिकवते. मध्यंतरी खुब्याचे हाड मोडलेल्या एका आजोबांना स्पायनल (पाठीच्या कण्यात सुई देऊन कमरेखालची भूल) देण्यापूर्वी हृदयाचा मर्मर (ठोक्यांतला जादा आवाज) ऐकू आला आणि हृदयरोगतज्ज्ञ दुसऱ्या दिवशी येणार असल्याने मीच सोनोग्राफीचा प्रोब छातीवर टेकवला, तेव्हा महाधमनीची झडप चुन्यासारखी पांढरी व जेमतेम उघडताना दिसली आणि भुलीचा सगळा बेत बदलावा लागला. तेव्हापासून निवासी डॉक्टरांना हे शिकवावे असे मनात आहे. बारीक मोजमापे नव्हेत (ती हृदयरोगतज्ज्ञांचीच), तर डावी जवनिका (हृदयाचा डावा खालचा कप्पा) नीट आकुंचन पावते का, हृदयाभोवती पाणी साचले आहे का, एवढेच ढोबळ प्रश्न. परंतु त्यांची खरी अडचण चित्र ओळखण्यापेक्षा ते मिळवण्याची आहे : कुशीवर वळू न शकणाऱ्या रुग्णात प्रोब बरगड्यांपाशीच घुटमळतो आणि छातीच्या हाडाखालून, पोटाच्या बाजूने पाहावे हे कोणाला सुचत नाही.

आपल्याकडे देखरेखीखाली किती तपासण्या करवून घेतात आणि साठवलेली चित्रे कोण तपासते? तसेच पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या) कायद्याखाली नोंदलेले सोनोग्राफी यंत्र शस्त्रक्रियागृहात वापरण्यासाठी कोणती कागदपत्रे करावी लागली, हे अनुभवातून सांगितल्यास आभारी राहीन.