त्रास झालेल्यांनी बोलायचं कुठे? संस्थेच्याच टेबलावर नको, असं माझं मत

बॅच 1994:

नागपूरहून एसटीने तासाभरावर असलेल्या एका निवासी शाळेत मी पाचवी ते दहावी काढली. शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कुणी ओळखलं तरी कृपया लिहू नका.

दर रविवारी आमचा घरी पत्र लिहायचा तास असे. पोस्टकार्ड लिहायचं, रेक्टरबाईंच्या टेबलावर ठेवायचं, त्यांनी वाचलं की मगच ते पेटीत पडायचं. सहावीत मी लिहिलं, की मला दोन रात्री कोठीघरात कोंडलं होतं, पोत्यांवर उंदीर फिरत होते, मला न्यायला या. बाईंनी ते कार्ड माझ्यासमोर फाडलं आणि कोरं कार्ड पुढे सरकवलं. त्यावर मी लिहिलं, 'मी इकडे मजेत आहे, काळजी नसावी.' आई गेल्यावर तिच्या ट्रंकेत ते कार्ड सापडलं. अक्षर वळणदार म्हणून ती ते आल्यागेल्याला दाखवायची.

यंदा शाळेचा सुवर्णमहोत्सव. स्मरणिकेसाठी आठवणी मागवल्या, मी हीच पाठवली. उत्तर आलं, शुभप्रसंगी असं नको, तक्रार असेल तर नाव, बॅच, मोबाईल नंबर लिहून कार्यालयात अर्ज द्या. म्हणजे पुन्हा तेच टेबल.

मग डिसेंबरात आम्ही नऊ जणी माझ्या घरी त्रिमूर्तीनगरला बसलो. फोन स्वयंपाकघरात ठेवले. सोलेभातासाठी तुरीच्या शेंगा सोलायला घेतल्या, कारण हात गुंतलेले असले की तोंड उघडणं सोपं जातं. आधी ठरवलं होतं: ज्याचं त्याने बोलायचं, मध्ये प्रश्न नाहीत, परवानगीशिवाय कुणी काही लिहून घ्यायचं नाही, आज सांगितलेलं उद्या मागे घ्यायचं असेल तर घेता येईल. एक जण चार तासांत एक अक्षर बोलली नाही, पातेलंभर दाणे सोलले. निघताना चपला घालता घालता म्हणाली, पुढच्या वेळी बोलवाल ना?

अशा जागा हव्यात, आणि त्या संस्थेने चालवू नयेत, असं मला ठामपणे वाटतं. घरातच यावर दोन मतं आहेत. तुमचं सांगा.

निवृत्त मास्तर:

ताई, वाचून वाईट वाटलं. तरीही विरोध नोंदवतो. बंद खोलीत नऊ जण एका बाईंबद्दल बोलणार आणि त्या उत्तर द्यायला तिथे नाहीत. त्या काळात शिस्त कडक होती, घरीही मार बसायचा. तीस-पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाची अब्रू अशी चर्चेने जाऊ नये. निदान संस्थेचा एक प्रतिनिधी बसवा, म्हणजे दोन्ही बाजू येतील.

मानेवाड्याची आई:

सर, प्रतिनिधी समोर बसला तर ती दाणे सोलणारी दारातूनच परत जाईल.

पण ताई, माझाही तुम्हाला विरोधच आहे, वेगळ्या कारणाने. तुम्ही बसून बोलून राहिल्या, मन हलकं झालं, चांगलंच आहे. त्या होस्टेलात आज कुणाचं लेकरू कोंडलेलं आहे, त्याचं काय? माझा मुलगा सातवीत आहे, होस्टेलात आहे, म्हणून जीव तुटतो. नाव काहून लपवता? पोलिसात जा, कलेक्टरकडे जा. गुपचूप बोलण्याने संस्थेचंच फावते.

काळा कोट:

काही गोष्टी कायद्याच्या अंगाने सांगतो.

'पोलिसात जा' म्हणणं सोपं आहे. ज्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंतचीच शिक्षा आहे, त्याची दखल घ्यायला न्यायालयाला मुदतीचं बंधन असतं, जास्तीत जास्त तीन वर्षांचं. साध्या मारहाणीचं तर एकच वर्ष. तेव्हाच्या चापटीचा आणि छडीचा खटला आज उभा राहणं जवळपास अशक्य. गंभीर लैंगिक गुन्ह्यांना ही मुदत नाही, तिथे मार्ग उघडा आहे.

ताईंना मात्र इशारा. नऊ जणींनी एकत्र बसून आठवणी सांगितल्या आणि पुढे प्रकरण कोर्टात गेलं, तर समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल: हे तुम्हाला आठवत होतं की त्या दिवशी ऐकलं? मीही तोच विचारला असता. म्हणून प्रत्येकीने आपलं आपण, एकटीने, आधी लिहावं, तारीख घालावी, पाकीट बंद करून स्वतःकडे ठेवावं. बैठक त्यानंतर.

नाव जाहीर करण्याबाबत: फौजदारी बदनामीत गोष्ट नुसती खरी असून भागत नाही, ती लोकहितासाठी सांगितली हेही दाखवावं लागतं. तेव्हाचे केंद्रीय मंत्री एम. जे. अकबर यांच्यावर लैंगिक छळाचा आरोप करणाऱ्या पत्रकार प्रिया रमाणींवरचा बदनामीचा खटला ऑक्टोबर 2018 मध्ये दाखल झाला, त्या निर्दोष सुटल्या 17 फेब्रुवारी 2021 ला. अनेक दशकांनंतरही स्त्री आपली व्यथा तिला हव्या त्या व्यासपीठावर मांडू शकते, असं दिल्लीच्या त्या न्यायालयाने म्हटलं. मोठा निकाल आहे. पण त्याविरुद्ध अपील झालं, आणि निकालापर्यंतच्या तारखा त्यांनाच काढाव्या लागल्या.

बॅच 1994:

पाकिटाचं पटलं, वकीलसाहेब. पुढच्या बैठकीआधी सगळ्यांना सांगते. आमच्यातल्या दोघींनी तर आयुष्यात पहिल्यांदा त्या दिवशी तोंड उघडलं, त्यांच्यासाठी उशीर झाला असेल. तरी त्यांना गप्प बसवून पुरावा स्वच्छ ठेवावा, असं मला म्हणवत नाही.

समुपदेशक, धंतोली:

मी या क्षेत्रात काम करते. ही कल्पना ताईंच्या घरात पहिल्यांदा आलेली नाही. संस्थांमधल्या बाललैंगिक अत्याचारांच्या चौकशीसाठी ऑस्ट्रेलियाने 2013 ते 2017 रॉयल कमिशन, म्हणजे सरकारने नेमलेला चौकशी आयोग, चालवलं. त्यात 8,000 हून अधिक लोकांनी आयुक्तांसमोर खाजगीत आपली हकीकत सांगितली. शपथ नाही, उलटतपासणी नाही, सोबत आपलं माणूस आणता येई. आयर्लंडमध्ये निवासी संस्थांच्या चौकशी आयोगाने दोन समित्याच वेगळ्या केल्या, एक फक्त ऐकणारी आणि एक तपास करणारी. ऐकणाऱ्या समितीकडे 1,090 जण आले. कुठे जायचं ते सांगणाऱ्याने ठरवायचं.

मला काळजी वाटते ती दुसऱ्या दिवसाची. बोलून झाल्यावर माणूस घरी जातो आणि रात्री झोप लागत नाही. तुमच्या नऊ जणींना तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुणी फोन केला का? ते ठरवल्याशिवाय बैठक घेऊ नये, असं माझं मत. कुणाला सहन होत नसेल तर 14416 वर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं.

मानेवाड्याची आई:

आयर्लंडचा अहवाल 2009 ला आला, त्यात गुन्हेगारांना खोटी नावं दिली होती ना? मग काय उपयोग? आणि केरळचं बघा. सिनेमातल्या बायांसाठी 2017 ला न्यायमूर्ती हेमा समिती नेमली, अहवाल 2019 च्या शेवटी दिला, लोकांसमोर आला ऑगस्ट 2024 मध्ये, तोही भाग गाळून. गोपनीयतेच्या नावाखाली साडेचार वर्षं कपाटात. हेच मी म्हणून राहिली.

बॅच 1994:

आई, केरळचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. कपाटाची किल्ली बोलणाऱ्या बायांकडे नव्हती, सरकारकडे होती. कॅनडात निवासी शाळांमध्ये अत्याचार झालेल्या आदिवासी मुलांनी पुढे नुकसानभरपाईसाठी दिलेल्या हजारो जबान्यांचं काय करायचं, हा प्रश्न तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला. 2017 मध्ये ठरलं, की 15 वर्षं ठेवायच्या, मग नष्ट करायच्या, आणि ज्याला आपली जबानी जपून ठेवायची असेल त्याची तेवढी जपायची. सरकारला त्या सगळ्या ठेवायच्या होत्या. मला एवढंच हवंय. माझं कार्ड फाडायचं की ठेवायचं हे मी ठरवणार.

तुमच्या पहिल्या प्रश्नाने मात्र दोन रात्री झोपले नाही. आमच्यातल्या एकीची भाची तिथे शिकते. आम्ही नियमात बदल केला आहे: आजच्या मुलांबद्दल काही कळलं तर गुप्तता संपली.

काळा कोट:

ते तुम्ही ठरवायची गोष्टच नाही. 18 वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. हे बैठकीच्या सुरुवातीलाच सगळ्यांना सांगा, नंतर नको. कोंडणं आणि मारणं यासाठी 2015 चा बाल न्याय कायदा, कलम 75. संस्थेतल्या कर्मचाऱ्याने केलं तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा. मुलासाठी 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर कधीही लावता येतो.

मानेवाड्याची आई:

हे असेल तर माझा अर्धा विरोध मागे. अर्धा कायम. शाळेचं नाव कधीतरी घ्यावंच लागेल.

निवृत्त मास्तर:

तीन दिवस या धाग्यावर फिरकलो नाही. मी वर 'शिस्त' म्हणालो. मीही दुसऱ्या एका शाळेच्या वसतिगृहात सहा वर्षं राहिलो, आणि मुलांची पत्रं वाचायचं काम माझ्याकडे होतं. हेडमास्तरांचा आदेश होता, घरी काळजी लागेल असं काही जाऊ द्यायचं नाही. मी फाडली नाहीत, खाली ठेवून घेतली. एका मुलाने लिहिलं होतं, बाबा फक्त एकदा या. ते गेलं नाही. त्याचं नाव आठवतं, चेहराही आठवतो. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. प्रतिनिधी बसवा हे म्हणणं मागे घेतो. तुमच्या बैठकीत मी येऊन बसलो तर चालेल का? फक्त ऐकेन.

बॅच 1994:

सर, इथे लिहिलंत, ते वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते. तुमचंही कुणीतरी ऐकून घ्यायला हवं. पण आमच्या खोलीत नाही. तुम्ही एक शब्द न बोलता बसलात तरी ती दाणे सोलणारी तुमच्या हातांकडे बघत राहील. धंतोलीच्या ताईंनी होकार दिला तर तुमच्यासारख्यांसाठी वेगळा दिवस, वेगळी जागा करता येईल. आणि त्या मुलाचं नाव आठवतंय म्हणालात, तर ते इथे लिहू नका. त्याने कधी बोलावं हे त्याचं तो ठरवेल.

समुपदेशक, धंतोली:

होकार आहे. सर, तुम्ही मला निरोप पाठवा, वेळ आपण बोलून ठरवू.