मदत हवी आहे: मागचा इलेक्ट्रिक लॉकर सकाळी लागतो, गाडी तापली की लागत नाही

संत्रा_पट्टा:
राम राम मंडळी. गाडी जुनी फोर बाय फोर पिकअप, डिझेल, मागे पाटे (लीफ स्प्रिंग). मागच्या डिफरेन्शियलमध्ये बाहेरून बसवून घेतलेला इलेक्ट्रिक लॉकर आहे. म्हणजे बटण दाबले की मागची दोन्ही चाके जखडून एकदम फिरवणारा. कॉइलने ओढणारा, मोटरचा नाही.

आमचा भाग वरुडचा. संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड आणि परतीचा पाऊस बहुतेक वर्षी एकदमच येतात. बागेतून डांबरीपर्यंत पांदण आहे, आणि ओल्या काळ्या मातीतली पांदण म्हणजे काय ते इकडच्या माणसाला सांगायला नको. ट्रॅक्टर आणला तर ओढून काढतो, पण त्या दिवसांत ट्रॅक्टर मोकळा कोणाकडे असतो? म्हणून तर लॉकर बसवला.

अडचण अशी. सकाळी पहिल्या खेपेला लॉकर लागतो, गाडी भरल्या कॅरेटसकट निघते. दुपारी त्याच चिखलात एक चाक जागेवर फिरते, दुसरे ढिम्म. स्विचमधला दिवा मात्र लागलेला. रिले टकटक वाजतो. रिले, स्विच, फ्यूज तिन्ही नवीन टाकून झाले. कॉइलचा कनेक्टर काढून मीटर लावला तर १२.४ व्होल्ट दाखवतो. गॅरेजवाला म्हणतो कॉइल गेली, हाउसिंग (डिफरेन्शियलचे लोखंडी कवच) खोलावे लागेल. खोलण्याआधी इथे विचारून पाहतो. आणखी काय तपासू?

पांदणवासी:
तो दिवा काहून पाहता भाऊ? बाहेरून बसवलेल्या लॉकरचा दिवा बहुतेक स्विचवरच जोडलेला असते. बटण दाबलं की लागते. आत लॉक झालं का नाही, त्याले काय माहीत? कंपनीतून लॉकर येणाऱ्या कित्येक गाड्यांत आत पोझिशन स्विच असते, म्हणून लॉक होईपर्यंत दिवा मिचकते आणि मग स्थिर होते. तुमच्याकडे तसं काही आहे का ते पहिले पाहा.

आणि चिखलात तपासू नका. सपाट जागी पुढच्या चाकांना दगड लावा, मागची दोन्ही चाकं जॅकवर घ्या, खाली स्टँड ठेवा. इंजिन बंद, गाडी टू व्हीलमध्ये, गिअरमध्ये, हँडब्रेक मोकळा. लॉकर बंद असताना एक चाक हाताने फिरवा, दुसरं उलटं फिरन. आता लॉकर चालू करून फिरवा. थोडं सरकून चाक अडकलं तर लॉक झालं. नुसतं बटण दाबून लगेच "लागला नाही" म्हणू नका. बऱ्याच कॉइलवाल्या लॉकरमध्ये दोन चाकांच्या फिरण्यात थोडा फरक पडल्याशिवाय दात बसत नाहीत.

संत्रा_पट्टा:
केले. थंड असताना अडकते. फेरी मारून आणल्यावर पुन्हा जॅकवर घेतली, तर कधी अडकते, कधी सुटून जाते. दिव्याची वायर खरेच स्विचवरच निघाली.

मेळघाट_चढण:
माझ्या मते तेल पाहा. दुकानात कोणीतरी लिमिटेड स्लिपचे ॲडिटिव्ह टाकून दिले असेल तर घर्षणावर चालणाऱ्या लॉकरची पकड ढिली पडू शकते. लॉकरच्या कागदावर जो ग्रेड लिहिला आहे तोच टाकायचा, आपले डोके लावायचे नाही. आणि तेल दुधाळ दिसले तर पाणी गेले आहे. धारणीकडे नाले ओलांडताना हे नेहमीचे: हाउसिंग तापलेले, एकदम थंड पाण्यात गेले की आतली हवा आकसते. ब्रीदर, म्हणजे हाउसिंगची हवा आत-बाहेर होण्याचे छिद्र, मातीने बुजला असेल तर सीलमधून पाणी ओढले जाते.

वायरमन_भाऊ:
तेल पाहाच, पण मला हा रोग विजेचा वाटतो. कनेक्टर काढून मोजलेल्या १२.४ व्होल्टला काही किंमत नाही. करंट वाहतच नसताना कुजकी वायरसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवते. मोजायचे ते लोडवर, म्हणजे कनेक्टर जोडलेला आणि लॉकर चालू असताना.

मीटरची सुई घालायला जागा नसेल तर हेडलाइटचा साधा ५५ वॅटचा बल्ब घ्या. १२ व्होल्टला तो साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो, म्हणजे कॉइलच्या जवळपास तेवढाच भार. कॉइल काढून तिच्या जागी कनेक्टरच्या दोन टोकांवर तो लावा. पांढरा झगझगीत लागला तर वायरिंग बरे आहे, हाउसिंग खोलण्याची तयारी करा. पिवळट लागला तर हाउसिंगला हात लावू नका.

तापल्यावरच का, त्याचे गणित सोपे आहे. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. २० अंशांची कॉइल १०० अंशांना गेली की रोध ३० टक्क्यांवर वाढला, करंट जवळपास चौथाईने कमी, म्हणून ओढही कमी. वायरिंग ठणठणीत असेल तर कॉइल हे पचवते. वायरिंगमध्येच तीन-चार व्होल्ट जात असतील तर थंडीत कसेबसे जमते आणि गरम झाले की दात निसटतात. तुमचे लक्षण मला अगदी असेच दिसते.

आता सांगा, कॉइलची काळी वायर कुठे आवळली आहे?

संत्रा_पट्टा:
मागच्या हाउसिंगच्याच बोल्टला. बसवणाऱ्याने तशीच दिली होती.

वायरमन_भाऊ:
मग तिथेच शोधा. हाउसिंग लोखंडाचे आहे म्हणून ते आपोआप चासीला अर्थ होते असे सगळे धरून चालतात. पाट्यांना रबरी बुश, शॉकअपला रबरी बुश, ब्रेकचा होज रबराचा. परतीचा करंट मग प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसमधून, बेअरिंगच्या ग्रीसमधून, नाहीतर हँडब्रेकच्या केबलमधून वाट काढत जातो. आज लागेल, उद्या नाही.

लॉकर चालू ठेवून मीटरची एक सुई कॉइलच्या काळ्या वायरवर आणि दुसरी थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर. पाव व्होल्टच्या आत हवे. तसेच लाल बाजूला, बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून कॉइलपर्यंत. इंजिन बंद ठेवूनच मोजा.

संत्रा_पट्टा:
आताच मोजून आलो. बल्ब चिमणीसारखा लागला. लाल बाजूला ०.४, काळ्या बाजूला ४.१! कॉइलला जेमतेम ७.९ पोहोचत होते. कॉइलचा रोध थंड असताना ३.२ ओहम, कागदातल्या आकड्याच्या आत आहे.

पांदणवासी:
घ्या! अन् गॅरेजवाला हाउसिंग खोलाले निघाला होता. एकदा खोललं की क्राउन-पिनियनचा बॅकलॅश, म्हणजे दातांमधली फट, डायल गेजने पुन्हा बसवावा लागते. आपल्या तालुक्याच्या गावात गेज कोणाकडे आहे? अंदाजाने आवळलं की गाडी साठच्या वर रडते, मग ते आवाज शोधत बसा.

वायरमन_भाऊ:
हाउसिंगवरून वायर सोडवा. अडीच चौरस मिलिमीटरची स्वतंत्र काळी वायर चासीच्या कडेने थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत न्या. लाल वायरही त्याच जाडीची टाका, ०.४ तसे फार नाही पण बारीक वायर आज ना उद्या त्रास देणारच. हाउसिंगपासून चासीपर्यंतच्या तुकड्यात वायरला ढील ठेवा, पाटे पूर्ण दबले-सुटले तरी ताण यायला नको. सायलेन्सरपासून दूर. कनेक्टरमध्ये डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारे) ग्रीस भरा, वरून नुसती टेप गुंडाळू नका, टेपखाली चिखलाचे पाणी अडकून राहते आणि पिना हिरव्या पडतात.

संत्रा_पट्टा:
दोन्ही वायरी बदलल्या. काळ्या बाजूला आता ०.१ येते. काल दुपारी, गाडी चांगली तापलेली असताना, भरल्या कॅरेटसह पांदणीतून निघालो. दोन्ही चाके एकदम फिरली. तेलही काढून पाहिले, दुधाळ नाही. ब्रीदर मात्र मातीने गच्च होता. त्याला नळी लावून टाकीच्या तोंडाजवळ उंच नेणार आहे.

एक विचारायचे राहिले. डांबरीवर आल्यावर बटण बंद केले तरी लॉकर लगेच सुटला नाही. वळणावर मागची चाके ओढल्यासारखी वाटली. हा नवीन रोग का?

मेळघाट_चढण:
नाही. दोन्ही बाजूंच्या शाफ्टमध्ये पीळ बसलेला असतो, त्या ताणात दात अडकून राहतात. बटण बंद करून सरळ चालवा, स्टिअरिंग थोडे डावे-उजवे करा. नाहीच सुटला तर दोन हात रिव्हर्स घ्या. आणि हे डांबरीवर येण्याआधी, पांदणीच्या तोंडाशीच करा. कोरड्या रस्त्यावर लॉक ठेवून वळवलेत तर टायर घासतात, आणि भरल्या गाडीचा शाफ्टही जाऊ शकतो.

संत्रा_पट्टा:
बरं. आज संध्याकाळच्या खेपेला तसेच करून पाहतो. वायरमन भाऊ, इकडे आलात तर संत्र्याची एक पेटी तुमच्या नावाची.

वायरमन_भाऊ:
पेटी मृग बहाराची ठेवा, आंबियापेक्षा गोड लागते.