डीटीपीच्या (कॉम्प्युटरवर छपाईची मांडणी) पीसीला रिसेट मारायचा आहे, बॅकअप काय काय घ्यावा?

महालवाला:
नमस्कार मंडळी. नागपूरच्या महाल भागात माझं लग्नपत्रिका, लेटरहेडचं छोटं दुकान आहे. विंडोज १० चा पीसी लय हँग होऊन राहिला, म्हणून फॅक्टरी रिसेट मारतो म्हणतो, म्हणजे विंडोज पुन्हा नव्यासारखं. डेटा ३०० जीबीच्या आसपास. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या फायली, गिऱ्हाइकांचे फोटो, टॅलीतला हिशेब. शेजारचा पोरगा म्हणतो, 'कीप माय फाइल्स' निवडा, बॅकअप कशाला? खरं का? नाहीतर पेन ड्राइव्ह घेऊ की हार्ड डिस्क?

धंतोलीकर:
त्याचं नका ऐकू भाऊ. त्यात डॉक्युमेंट्स राहतात, पण टाकलेली सॉफ्टवेअर उडतात. मधातच लाइट गेली तर मग बोंबला. सीताबर्डीतून १ टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या, पक्क्या बिलावर. पेन ड्राइव्ह फॅट३२ या जुन्या फॉरमॅटचा असला तर ४ जीबीवरची फाइल घेतच नाही. आणि गुगलच्या फुकटच्या १५ जीबीत तुमचं काय मावणार!

प्रतापनगरची ताई:
डीटीपी आहे तर आधी फॉन्ट वाचवा. जुन्या पत्रिका युनिकोडमध्ये (कुठल्याही पीसीवर वाचता येणारी अक्षरांची पद्धत) नसतील, त्या ठरावीक फॉन्टवरच चालतात. फॉन्ट गेला की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरं न् कंसांचा चिवडा दिसतो. सी ड्राइव्ह, विंडोज, फॉन्ट्स, हे फोल्डर अख्खं कॉपी करा. काही फॉन्ट युजरच्या लपलेल्या ॲपडेटा फोल्डरमध्येही असतात, तिथंही बघा. कोरलचा लायसन्स नंबर कागदावर लिहून ठेवा. टॅलीचा बॅकअप टॅलीतूनच घ्या. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट-वाय दाबलं की पर्याय येतो.

महालवाला:
फॉन्टचं तर डोक्यातच नव्हतं ताई! क्रोममधल्या पासवर्डचं काय?

धंतोलीकर:
गुगल खात्यावर सिंक चालू असेल तर परत येतात. नसेल तर पासवर्ड फाइलमध्ये एक्स्पोर्ट करा, पण ती फाइल कोणीही उघडून वाचू शकतो, काम झालं की उडवा. वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण) वापरत असाल तर ज्या फाइलपुढे ढगाचं चित्र दिसतं, ती पीसीवर नसतेच, आधी डाउनलोड करा. आणखी एक. रिसेट मारून परत विंडोज १० च येईल, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पीसीला विंडोज ११ चालतं का बघून घ्या.

प्रतापनगरची ताई:
कॉपी झाली की डिस्क दुसऱ्या पीसीला लावा, त्यावर तेच फॉन्ट टाका आणि दोन-चार जुन्या पत्रिका उघडून बघा. मजकूर नीट दिसला तरच रिसेट. आणि लग्नसराईत हे काढू नका बाप्पा.

महालवाला:
नाही ताई, ऑर्डरी निपटल्यावरच. उद्या बर्डीला जाऊन डिस्क आणतो.