अंड्यावरच्या बटेरांना हिराकस (फेरस सल्फेट) लावलेली सरकी पेंड: मी बाजूने आहे, विरोध असेल तर बोला

वऱ्हाडातला बटेरवाला
माझ्याकडे अंड्यावर आलेले आठशे जपानी बटेर आहेत. एक पक्षी दिवसाला 25 ते 30 ग्रॅम खातो, म्हणजे रोज वीस-बावीस किलो मॅश (भरडलेलं खाद्य). खर्चाचा मोठा घास सोया डीओसी, म्हणजे तेल काढलेली सोयापेंड, खाते. 2021 आठवा. सोयापेंड इतकी कडाडली की ऑगस्टमध्ये केंद्राला 12 लाख टन जीएम सोयापेंडीच्या आयातीला परवानगी द्यावी लागली. त्या वर्षी आमच्या भागातली दोन शेडं बंद पडली, ती आजही बंदच आहेत. आणि इकडे शेडपासून हाकेच्या अंतरावर सरकीची ऑइल मिल, पेंडीच्या थप्प्या लागलेल्या.

सरकीत, म्हणजे कापसाच्या बीत, गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असतं, मान्य. पण घातक असतं ते मोकळं गॉसिपॉल, आणि लोह त्याला बांधून टाकतं. अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी एक भाग मोकळ्या गॉसिपॉलला चार भाग लोह, असं प्रमाण धरतात. हिराकशीत लोह साधारण 20 टक्के. किलोभर पेंडीत 1 ग्रॅम मोकळं गॉसिपॉल धरलं तर 4 ग्रॅम लोह, म्हणजे 20 ग्रॅम हिराकस. पाण्यात विरघळवायची, पेंडीवर शिंपडायची, कालवायची, सावलीत वाळवायची. शंभर किलो खाद्यात अशी दहा किलो पेंड बसवावी. माझं म्हणणं एवढंच आहे.

दुभत्यावाला
एवढा विचार कशाला भाऊ? माझ्या म्हशी वर्षानुवर्षं सरकीवर आहेत. काही होत नाही.

पशुवैद्यक, निवृत्त
दादा, म्हशीला रवंथाचं पोट आहे. त्यात गॉसिपॉल प्रथिनांना बांधलं जातं आणि निरुपद्रवी होतं. लहान वासराचं ते पोट तयार नसतं, म्हणून वासरालाही सरकी जपून द्यावी लागते. पक्ष्याकडे ती सोयच नाही. म्हशीचा दाखला इथे चालणार नाही.

खाद्यगिरणीतली ताई
मी विरोधात आहे. हिराकशीवर माझा आक्षेप नाही, आक्षेप पेंडीवर आहे.

दादा, तुमच्या मिलमधली पेंड टरफलासकट आहे ना? मूठभर हातात घ्या, काळी टरफलं आणि कापसाची लव दिसेल. तिच्यात प्रथिनं 22 टक्क्यांच्या आसपास. 40 टक्क्यांची असते ती टरफल काढून, सॉल्व्हंटने (तेल विरघळवणाऱ्या रसायनाने) तेल काढलेली पेंड. अभ्यासांत बहुधा तीच वापरतात. आता शंभर किलोतली 46 टक्क्यांची दहा किलो सोया काढून तुमची दहा किलो सरकी घातली, तर 4.6 किलो प्रथिनांच्या जागी 2.2 किलो आली. अंड्यावरच्या बटेराला खाद्यात 20 टक्के प्रथिनं लागतात. तुम्ही थेट साडेसतरावर आलात. पक्षी आठवड्याभरात अंडी कमी करून ते सांगेल.

दुसरं, लायसिन, म्हणजे प्रथिनातला एक आवश्यक घटक. सरकीत ते मुळातच सोयापेक्षा कमी. त्यात गाळपाच्या उष्णतेने गॉसिपॉल लायसिनलाच चिकटतं, मग कागदावर दिसणारं लायसिन पक्ष्याच्या अंगी लागत नाही. म्हणजे 'मोकळं गॉसिपॉल कमी' म्हणून आपण खूश होतो, ते अर्धवट लायसिनच्या जिवावर कमी झालेलं असतं.

तिसरं, पेंडीत उरलेलं तेल. त्यात सायक्लोप्रोपीन गटाची स्निग्धाम्लं असतात. त्यांच्यामुळे अंडं साठवलं की पांढरा भाग गुलाबी होतो, बलक घट्ट होतो. त्यावर हिराकस काहीही करत नाही.

पुण्यातला अंडी विक्रेता
ताईंच्या बाजूने. मी बाराच्या डब्यात बटेराची अंडी विकतो. एका शेतकऱ्याने न सांगता खाद्य बदललं होतं. पहिले चार दिवस कुणाची तक्रार नाही. दहाव्या दिवशी एका गिऱ्हाईक बाईंनी उकडलेलं अंडं कापून आणून दाखवलं. बलक शेवाळी, कडेला तपकिरी ठिपके. वासाला अंडं चांगलं होतं, तरी त्या म्हणाल्या, हे मुलाला कसं देऊ? त्यांचं चुकलं नाही. बटेराचं कवच ठिपक्यांचं, दिव्यापुढे धरूनही आतलं नीट कळत नाही. तो डबा मी बदलून दिला, पण त्या घरातून पुन्हा ऑर्डर आली नाही.

वऱ्हाडातला बटेरवाला
ताई, प्रथिनांचा हिशोब बिनतोड आहे. मी किलोला किलो धरत होतो, चूक झाली. सकाळी खाद्यपात्रं बघून आलो. तुकडे करून दोन पिंजऱ्यांत पेंड दिली होती, पक्ष्यांनी टरफलं वेचून तळाशी सारली आहेत. म्हणजे विकत घेतलेलं तिथेच पडून आहे.

पण मूळ मुद्दा मी सोडत नाही. टरफल काढलेली, सॉल्व्हंटची पेंड मिळवून, लायसिन वरून घालून, हिराकस लावून पाच-सहा टक्क्यांनी सुरुवात करण्यात धोका काय? कापूस आमच्याकडे पिकतो आणि पक्ष्याला सोयाशिवाय दुसरं काही चालत नाही, हे मला पटत नाही.

खाद्यगिरणीतली ताई
असं म्हणत असाल तर माझा विरोध निम्मा झाला. पण मोकळं गॉसिपॉल प्रयोगशाळेत मोजून घ्या. 'एक ग्रॅम धरलं' चालणार नाही, वाणाप्रमाणे आणि गाळपाप्रमाणे ते बदलतं. ऊस पिवळा पडला की शेतावर मारतात ते फेरस सल्फेट पक्ष्याला घालू नका, पशुखाद्याच्या दर्जाचं घ्या. आणि अंदाजाने जास्तही नको. जादा लोह फॉस्फरस अडवतं आणि जीवनसत्त्व ई लवकर खराब करतं.

हॅचरीवाला, सातारा
आमची अंडी उबवणीला जातात. सतरा दिवसांनी पिल्लं निघाली नाहीत तर तुमची बचत मला काय कामाची? त्या तेलातल्या आम्लांनी उबवण घटते, हे कोंबड्यांत दिसलेलं आहे. पैदाशीच्या पक्ष्यांना सरकी नकोच, यावर मी ठाम आहे.

वऱ्हाडातला बटेरवाला
पैदाशीचे शंभर पक्षी वेगळे काढतो, त्यांना सोयाच. बाकीच्यांतले दोन पिंजरे सरकीवर आणि दोन जुन्या मॅशवर ठेवतो. अंड्यांवर पेन्सिलीने तारीख घालून निम्मी फ्रीजमध्ये, निम्मी बाहेर. तिसऱ्या, दहाव्या आणि विसाव्या दिवशी पांढऱ्या ताटलीत फोडून फोटो इथेच टाकतो. बलक हिरवा निघाला तरी टाकतो.

पुण्यातला अंडी विक्रेता
विसाव्या दिवसाची उकडूनही बघा. गिऱ्हाईक कच्ची फोडत नाही.