विषय: बाळाचे चपटे डोके, हेल्मेट आणि कोकणातील मे महिना

मंडळाच्या सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

मी सध्या बाळाला घेऊन गुहागरला माहेरी आले आहे. मुलगा साडेचार महिन्यांचा असून त्याच्या डोक्याची मागची उजवी बाजू चपटी झाली आहे. अमेरिकेतून निघण्यापूर्वी तेथील बालरोगतज्ज्ञांनी तपासून कवटीचे सांधे मोकळे असल्याचे सांगितले. मात्र सहाव्या महिन्यापर्यंत फरक न पडल्यास हेल्मेट वापरावे लागेल, असेही सुचवले. आमचा मुक्काम मे अखेरपर्यंत आहे. इकडे आई रोज टाळू भरते, न्हाऊ घालायला येणाऱ्या काकू डोके दाबून गोल करून देण्याचा आग्रह धरतात आणि राईची उशी तर शिवून तयार आहे. तिकिटे बदलून लवकर परतावे, की थांबावे? ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया लिहावे.

– एक सभासद, मुक्काम गुहागर

*

सप्रेम नमस्कार.

मी तिकडे बरीच वर्षे बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करून आता रत्नागिरीस स्थायिक झालो आहे. कवटीचे सांधे मोकळे आहेत ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आपल्या पत्रात आली, हे बरे झाले. सुमारे दोन ते अडीच हजार बाळांमागे एकाच्या कवटीचा एखादा सांधा वेळेआधी जुळतो. त्यावर शस्त्रक्रियाच करावी लागते आणि ती लांबवून चालत नाही. डोके वरून पाहावे. चपट्या बाजूचा कान पुढे सरकलेला आणि त्याच बाजूचे कपाळ किंचित पुढे आलेले दिसले, तर दोष बहुधा डोके सतत एकाच बाजूला टेकवून पडून राहण्याचा असतो. कान मागे ओढलेला वाटल्यास मात्र पुन्हा दाखवावे.

ही तक्रार वाढली ती एका चांगल्या कारणामुळे. 1992 साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तान्ह्या बाळांना पालथे न झोपवता पाठीवर किंवा कुशीवर झोपवावे, असा सल्ला दिला; पुढे तो पाठीवरच झोपवावे असा झाला. या सल्ल्यानंतरच्या वर्षांत झोपेतच अचानक दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण निम्म्याहूनही खाली आले, पण चपट्या डोक्यांची संख्या वाढली. म्हणून डोक्याच्या आकारासाठी झोपवण्याची पद्धत बदलू नये. बाळ पाठीवरच झोपावे. बदल जागेपणी करायचा आहे.

तो कसा, ते सविस्तर लिहितो, कारण आपल्या हातात असलेले काम हेच आहे. बाळ उजेडाकडे आणि माणसांकडे मान वळवते. कोकणातल्या घरात माजघरात निजवलेल्या मुलाचे सारे लक्ष पडवीच्या दाराकडे असते, तेव्हा डोके आणि पाय यांच्या बाजू अशा बदलाव्यात की दाराकडे पाहण्यासाठी त्याला डावीकडे मान वळवावी लागेल. खुळखुळा डावीकडून वाजवावा, आजोबांनीही त्याच बाजूला बसावे. जागेपणी खळ्यात चटई टाकून, समोर कोणीतरी बसून, त्याला दिवसातून अनेकदा थोडा थोडा वेळ पालथे खेळवावे. कडेवर घेतल्याने डोक्यावरचा भार पूर्ण सुटतो, त्यामुळे ‘अंगाची सवय लागेल’ ही भीती निदान सध्या बाजूला ठेवावी. मान डावीकडे सहज वळत नसेल तर मानेचा स्नायू आखडलेला असण्याची शक्यता आहे. अशा वेळी चिपळूण किंवा रत्नागिरीस लहान मुलांचे व्यायाम करून घेणाऱ्या फिजिओथेरपिस्टला याच आठवड्यात दाखवावे.

राईची उशी ठेवू नये. झोपलेल्या बाळाच्या तोंडावर उशी येण्याचा धोका असतो, आणि डोक्याला आकार देणाऱ्या उशांविरुद्ध अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2022 साली स्पष्ट इशारा दिला आहे. काकूंना मालीश अवश्य करू द्यावी, डोके दाबणे मात्र नम्रपणे थांबवावे.

आता हेल्मेटविषयी. ते डोके दाबत नाही. फुगीर भागाला टेकते आणि चपट्या भागापाशी जागा मोकळी सोडते, म्हणजे वाढणारे डोके त्या जागेत भरत जाते. जन्मतः सुमारे 35 सेंटिमीटर असलेला डोक्याचा घेर पहिल्या सहा महिन्यांत साधारण आठ सेंटिमीटरने वाढतो, पुढच्या सहांत जेमतेम तीनने. म्हणून पहिल्या वाढदिवसानंतर हेल्मेटचा उपयोग फारसा राहत नाही. तरीही घाई करण्याइतका पुरावा नाही. नेदरलँड्समध्ये मध्यम ते तीव्र चपटेपणा असलेल्या 84 बाळांवर झालेल्या आणि 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दोन वर्षांच्या वयाला हेल्मेट घातलेल्या आणि न घातलेल्या मुलांत लक्षणीय फरक आढळला नाही. दोन्हीकडे सुमारे चौथा हिस्सा मुले पूर्ण बरी झाली होती. अर्थात अतितीव्र दोष असलेली आणि मान आखडलेली बाळे त्या अभ्यासात नव्हती, हे विसरू नये. अशा बाळांसाठी हेल्मेटचा पर्याय मी आजही सुचवीन.

तिकिटे बदलू नयेत, असे माझे मत आहे. दिवसाचे 23 तास हेल्मेट आणि त्यावर इथला दमट मे महिना, या दोहोंत बाळाची कातडी सोलवटून निघेल. शिवाय दर एकदोन आठवड्यांनी ते घासून जुळवून घ्यावे लागते, ते गुहागरात होणे कठीण. जूनच्या आरंभी तिकडे परतताच डोक्याच्या दोन्ही तिरक्या मापांतील (कपाळाच्या एका बाजूपासून मागच्या विरुद्ध बाजूपर्यंतच्या) फरक मोजून घ्यावा आणि तो आधीच्या मापाशी ताडून निर्णय घ्यावा. तोवर सहावा महिना नुकताच उलटलेला असेल. तो उशीर नव्हे.

– एक ज्येष्ठ सभासद, रत्नागिरी

*

नमस्कार.

आमच्या मुलीला हेल्मेट होते, म्हणून दोन व्यावहारिक गोष्टी जोडतो. तिकडच्या अनेक विमा कंपन्या खर्च मंजूर करण्यापूर्वी, बाळाची बाजू बदलण्याचे प्रयत्न काही काळ केले होते काय, याची नोंद मागतात. त्यामुळे आजपासून तारखेसह वही ठेवावी आणि आठवड्यातून एकदा केस ओले करून डोक्याचा वरून फोटो काढावा. दुसरे असे की, हेल्मेट सुरू झाल्यास त्याखाली तेल चालत नाही, तेव्हा टाळू भरणे तेवढा काळ थांबवावे लागेल. आजीला हे आताच सांगून ठेवलेले बरे. आमच्याकडे खरा वाद त्यावरूनच झाला होता.

– एक पालक सभासद