शेल्डनचा करार आणि आमचे सुके बोंबील

'द बिग बँग थिअरी' या अमेरिकन विनोदी मालिकेतला शेल्डन आपल्या रूममेटकडून एकत्र राहण्याच्या नियमांचा लेखी करार करून घेतो; त्या कराराला कुणी वेडेपणा म्हणतं. मला तर तो आता शहाणपणा वाटतो! रत्नागिरीत आम्ही तिघं एका खोलीत राहायचो. मालवणचा गडी सुके बोंबील भाजायचा, दुसरा पक्का शाकाहारी. पावसाळ्यात खिडक्या बंद, वास जाणार कुठे? दोन दिवस अबोला. शेवटी फ्रिजवर कागद चिकटवला: बोंबील फक्त रविवारी, शाकाहारी बुवा बाहेर गेल्यावर, आणि तवा वेगळा.

'दिल दोस्ती दुनियादारी' (२०१५) या मराठी मालिकेत एकत्र राहणाऱ्या सहाजणांची धमाल बघून मी हौसेने खोली घेतली होती. पण सिलिंडर कुणी आणायचा यावरच आमची निम्मी भांडणं.