व्हीएचएस कॅप्चर करताना आवाज हळूहळू मागे पडतो: मदत हवी आहे

नमस्कार. घरातील जुन्या व्हीएचएस कॅसेट मी संगणकावर उतरवून घेत आहे. चित्र पाल (PAL) या टीव्ही पद्धतीचे, म्हणजे सेकंदाला 25 फ्रेम, तर आवाज 48 किलोहर्ट्झवर घेतो. सुरुवातीला ओठ आणि शब्द अचूक जुळतात. मात्र कॅसेट पुढे सरकते तसा आवाज मागे पडत जातो आणि शेवटाकडे टाळी आधी दिसते व नंतर ऐकू येते.

फरक सारखाच राहिला असता, तर ऑडिओ ट्रॅक तेवढा सरकवून भागले असते. चित्र यूएसबी उपकरणातून आणि आवाज साउंड कार्डाच्या लाइन-इनमधून येत असल्याने दोन्हींची घड्याळे (नोंदणीचा वेग ठरवणारी अंतर्गत घड्याळे) वेगवेगळी चालतात, हे एक कारण असावे. शिवाय जिथे टेप सुरकुतली आहे, तिथे व्हर्च्युअलडब या कॅप्चरच्या सॉफ्टवेअरमध्ये गळालेल्या (नोंदल्या न गेलेल्या) फ्रेमचा आकडा वाढतो आणि फरक एकदम उडी घेतो. त्यामुळे संपूर्ण ट्रॅक एकाच प्रमाणात आखडून हा दोष जाणार नाही.

अशा वेळी व्हीसीआर आणि कॅप्चर उपकरण यांच्यामध्ये टाइम बेस करेक्टर (टेपवरून येणाऱ्या चित्राच्या सिग्नलची वेळ स्थिर करणारे उपकरण) जोडल्यास फ्रेम गळणे थांबते का? आवाजही त्याच यूएसबी उपकरणातून घेतल्यास घड्याळांचा प्रश्न सुटेल का? टेप पुन्हापुन्हा चालवून झिजवण्याची भीती वाटते, म्हणून अनुभवी सदस्यांनी कृपया आधी काय करून पाहावे ते सांगावे.